बॅकअपमधील वगळणी

संगणकावरील माहिती नष्ट झाल्यास ती पुन्हा मिळविता यावी म्हणून तिची जी राखीव प्रत दुसऱ्या साधनावर ठेवतात, तिला बॅकअप म्हणतात. ही प्रत तयार करताना काही फाइली व डिरेक्टऱ्या (फाइलींचे गट; नेहमीच्या बोलण्यात फोल्डर) ठरावीक नियमाने मागे ठेवल्या जातात. या क्रियेस वगळणी व ती ठरविणाऱ्या सूचनेस वगळणीचा नियम असे म्हणतात. वगळणीमुळे वेळ आणि साठवणीची जागा यांची बचत होते. तथापि बॅकअपमधील इतर दोषांहून वगळणीतील चूक वेगळ्या प्रकारची असते. डिस्क भरली, फीत तुटली किंवा संगणकजालाची जोडणी खंडित झाली, तर आज्ञावली तसा दोष नोंदविते. चुकीच्या नियमामुळे राहिलेली फाइल मात्र काम यशस्वी झाल्याच्या नोंदीखालीच मागे राहते. कारण आज्ञावलीने सांगितल्याप्रमाणेच केलेले असते. ही चूक बहुधा मूळ माहिती गेल्यावर, प्रत परत आणताना उघडकीस येते. म्हणून नियमात काय लिहिले आहे याइतकेच आज्ञावली तो नियम कसा वाचते, हे जाणणे आवश्यक ठरते. [→ संगणक].

वगळण्याची कारणे : फाइल प्रणालीत दिसणारी प्रत्येक फाइल डिस्कवर असतेच असे नाही. लिनक्स या परिचालन प्रणालीतील ‘/प्रॉक’ व ‘/सिस’ या डिरेक्टऱ्या गाभा (कर्नल) त्या त्या क्षणी निर्माण करतो. त्यांतील फाइली म्हणजे चालू यंत्राच्या स्थितीची दर्शने होत. त्यांपैकी ‘/प्रॉक/केकोर’ ही फाइल ६४-बिट संगणकावर सर्वसाधारणपणे सु. १२८ टेराबाइट आकाराची दिसते. डिस्कवर तिला काहीच जागा लागत नाही. अशी फाइल उतरवून घेण्याचा प्रयत्न निरर्थक असतो. दुसरा वर्ग पुन्हा तयार करता येणाऱ्या फाइलींचा होय. कॅश, संकलकाने (कंपायलरने) बनविलेल्या मध्यंतरीच्या फाइली, शोधसूची इ. गोष्टी मूळ सामग्रीपासून केव्हाही बनविता येतात. तिसऱ्या वर्गात पृष्ठविनिमयाची फाइल, तात्पुरत्या फाइली यांसारख्या यंत्र बंद होताच अर्थ गमावणाऱ्या फाइली येतात. चौथा वर्ग चालू असताना सतत बदलणाऱ्या फाइलींचा आहे. माहितीसंचाची (डेटाबेसची) फाइल नुसती उतरवून घेतली, तर तिचा एक भाग आधीच्या व दुसरा भाग नंतरच्या क्षणाचा असा येऊ शकतो. अशा वेळी ती फाइल वगळून माहितीसंचाच्या स्वतःच्या साधनाने घेतलेली सुसंगत प्रत बॅकअपमध्ये समाविष्ट करतात. 

या वर्गांच्या सीमा नावावरून ओळखणे धोक्याचे असते. युनिक्ससदृश प्रणालींतील डिरेक्टऱ्यांची रचना सांगणाऱ्या फाइल सिस्टिम हायरार्की स्टँडर्ड या मानकानुसार (आवृत्ती ३.०, २०१५) ‘/व्हार/कॅश’ मधील फाइली काढून टाकल्या तरी माहितीची हानी होता कामा नये, म्हणून ती डिरेक्टरी वगळण्यास हरकत नसते. मात्र ‘बदलणाऱ्या फाइलींची जागा’ म्हणून संपूर्ण ‘/व्हार’ वगळल्यास ‘/व्हार/लिब’ ही जाते आणि डेबियनसारख्या प्रणालींवर माहितीसंचांच्या फाइली नेमक्या तेथेच असतात. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसंच प्रणालीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या व्यवहारांची आगाऊ नोंद ‘पीजी_एक्सलॉग’ नावाच्या डिरेक्टरीत ठेवली जात असे. नावातील ‘लॉग’ या अक्षरांवरून ती बिनमहत्त्वाची नोंदवही आहे, असा समज होऊन काही जणांनी तिच्यातील फाइली काढून टाकल्या व भरून न येणारी हानी ओढवून घेतली. म्हणून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १० व्या आवृत्तीत तिचे नाव बदलून ‘पीजी_वॉल’ असे करण्यात आले. हीच डिरेक्टरी एका पद्धतीत वगळावयाची व दुसऱ्या पद्धतीत जपावयाची असते. आगाऊ नोंदी स्वतंत्रपणे सतत साठविल्या जात असतील, तर चालू संचाचा बॅकअप घेताना तिच्यातील फाइली वगळाव्यात, असे त्या प्रणालीची माहितीपुस्तिका सांगते. संच बंद करून सर्व फाइली उतरविताना मात्र ती घ्यावीच लागते. एखादी फाइल ‘वगळण्याजोगी’ असणे हा त्या फाइलीचा अंगभूत गुण नसून ती परत कोठून मिळणार, यावर ते अवलंबून असते.

इतिहास : युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) आलेली ‘डम्प’ ही आज्ञावली संपूर्ण फाइल प्रणाली आयनोडच्या, म्हणजे फाइलीच्या अंतर्गत नोंदीच्या, क्रमाने उतरवून घेत असे. सातव्या आवृत्तीत (१९७९) आलेली ‘टार’ ही आज्ञावली याउलट डिरेक्टऱ्यांच्या वृक्षावरून चालत एकेक नाव उचलते. वगळणीच्या दोन परंपरा या दोन पद्धतींतूनच वाढल्या. आयनोडच्या पद्धतीत वगळण्याची खूण फाइलीलाच लावणे सोयीचे होते, तर वृक्षावरून चालण्याच्या पद्धतीत नावांची यादी देणे. ४.४ बीएसडी (१९९३) या प्रणालीत फाइलींना लावावयाच्या खुणा आल्या. त्यांपैकी ‘नोडम्प’ ही वगळणीची खूण होय. ‘टार’च्या जीएनयू आवृत्तीत ‘एक्सक्लूड’ हा पर्याय आणि वगळावयाच्या नावांची फाइल देण्याची सोय आहे. अँड्रू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आरसिंक’ने समावेश व वगळणी यांचे नियम एकाच क्रमवार यादीत लिहिण्याची पद्धत रूढ केली. पुढे आलेल्या बोर्ग, रेस्टिक इ. साधनांनी या सर्व कल्पना कमीअधिक फरकाने स्वीकारल्या आहेत. 

नियमांचे प्रकार : नियम कोठे लिहिलेला असतो, त्यावरून वगळणीचे चार प्रकार पडतात.

(१) मार्गावर आधारलेला नियम : यात फाइलीचे नाव वा मार्ग बॅकअपच्या आज्ञावलीस सांगतात. सर्व नियम एका जागी राहिल्याने ते तपासणे सोपे जाते. मात्र नियम नावाशी बांधलेला असल्याने डिरेक्टरीचे नाव बदलताच तो निष्फळ होतो. एकाच फाइलीस दोन ठिकाणांहून दोन नावे असतील (हार्ड लिंक) व त्यांपैकी एकच वगळले, तर दुसऱ्या नावाने ती फाइल बॅकअपमध्ये येतेच. विंडोज प्रणालीत अशी यादी नोंदणीकोशात (रजिस्ट्रीमध्ये) ‘फाइल्सनॉटटूबॅकअप’ या नोंदीखाली ठेवलेली असते व पृष्ठविनिमयाच्या आणि तात्पुरत्या फाइलींचा तीत निर्देश असतो. 

(२) फाइलीवरील खूण : ‘नोडम्प’ ही खूण आयनोडवर असल्याने फाइलीचे नाव बदलले तरी ती टिकते व फाइलीच्या सर्व नावांना लागू पडते. लिनक्सच्या एक्स्ट फाइल प्रणालींतही अशीच खूण आहे. मॅक संगणकांवर २००७ पासून मिळणाऱ्या टाइम मशीन या साधनात दोन्ही प्रकार आहेत : नेहमीची वगळणी फाइलीला चिकटून राहते व फाइल हलविली तरी तिच्याबरोबर जाते, स्थिर मार्गाची वगळणी त्या मार्गावर जे असेल त्यास लागू होते. खुणेचा दोष असा, की पुष्कळ संपादक फाइल साठविताना नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवतात. त्यामुळे खूण नकळत नाहीशी होऊ शकते. शिवाय खुणा सर्व वृक्षभर विखुरलेल्या असल्याने काय काय वगळले आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. 

(३) डिरेक्टरीतील चिठ्ठी : कॅश निर्माण करणाऱ्या आज्ञावलीनेच आपल्या डिरेक्टरीत ‘कॅशडिर.टॅग’ नावाची लहान फाइल ठेवावी, असा संकेत ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये मांडला. या फाइलीच्या आरंभीचे ४३ बाइट ठरावीक असावे लागतात. त्यामुळे केवळ नाव सारखे असलेल्या एखाद्या फाइलीमुळे डिरेक्टरी चुकून वगळली जात नाही. जीएनयू टार, बोर्ग व रेस्टिक ही साधने हा संकेत पाळतात, परंतु त्यासाठी तसा पर्याय द्यावा लागतो. काय वगळावे हा निर्णय येथे व्यवस्थापकाकडून आज्ञावली लिहिणाऱ्याकडे जातो, ही या पद्धतीची सोय आणि मर्यादाही आहे.

(४) सीमेचा नियम : ‘एकाच फाइल प्रणालीत रहा’ असे सांगितल्यास आज्ञावली दुसरी प्रणाली जोडलेल्या जागेपाशी थांबते. ‘/प्रॉक’, बाहेरून जोडलेली डिस्क इ. त्यामुळे आपोआप मागे राहतात. परंतु वापरणाऱ्यांच्या घर-डिरेक्टऱ्या वेगळ्या विभागावर असतील, तर त्याही मागे राहतात. 

नमुना जुळविण्याची रीत : मार्गाच्या नियमात तारका (*), प्रश्नचिन्ह (?) इ. चिन्हे वापरून नमुना लिहितात. चिन्हे सर्व साधनांत सारखी दिसत असली, तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो आणि बहुतेक चुकांचे मूळ येथे असते. जीएनयू टारमध्ये वगळणीच्या नमुन्यातील तारका तिरकी रेघ (/) ओलांडून जाते व नमुना मार्गाच्या कोणत्याही घटकापासून जुळू शकतो. आरसिंकमध्ये एक तारका तिरक्या रेघेपाशी थांबते. रेघ ओलांडण्यासाठी दोन तारका लिहाव्या लागतात. आरसिंकच्या नमुन्याच्या शेवटी तिरकी रेघ असल्यास तो फक्त डिरेक्टरीशी जुळतो. आरंभी रेघ असल्यास तो मुळाशी बांधला जातो. मात्र हे मूळ म्हणजे संपूर्ण फाइल प्रणालीचे मूळ नसून त्या वेळी पाठविल्या जाणाऱ्या वृक्षाचे होय. त्यामुळे ‘घर/आशा/’ असा शेवटी रेघ देऊन स्रोत दिला, तर ‘/कॅश’ हा नियम आशाच्या घरातील कॅशला लागू पडतो. रेघ न देता ‘घर/आशा’ असे लिहिले, तर तोच नियम ‘/आशा/कॅश’ असा लिहावा लागतो. विंडोजमधील ‘एक्सकॉपी’ची रीत आणखी निराळी आहे. तीत वगळणीच्या यादीतील अक्षरे पूर्ण मार्गात कोठेही आढळली, तरी फाइल वगळली जाते. परिणामी ‘.डॉक’ असे लिहिल्यास ‘.डॉकएक्स’ या नव्या प्रकारच्या फाइलीही जातात.

न बांधलेल्या नमुन्याचा धोका ‘कोर’ या नावावरून स्पष्ट होतो. युनिक्सवर आज्ञावली अपघाताने बंद पडली, की तिच्या स्मृतीची प्रत ‘कोर’ नावाच्या फाइलीत उतरविण्याची जुनी पद्धत आहे. ही मोठी व निरुपयोगी फाइल वगळण्यासाठी ‘कोर’ हा नियम अनेक याद्यांत असतो. आरसिंकच्या ‘सीव्हीएस-एक्सक्लूड’ या तयार यादीतही तो आहे. परंतु लिनक्सच्या गाभ्याच्या मूळ आज्ञालेखात ‘नेट/कोर’ नावाची डिरेक्टरी असून तीत संगणकजालाचे मुख्य काम करणाऱ्या फाइली आहेत. ही तयार यादी लावून त्या आज्ञालेखाची प्रत घेतल्यास ती संपूर्ण डिरेक्टरी, कोणतीही सूचना न मिळता, मागे राहते. 

याखेरीज नमुना अवतरणचिन्हांत न घातल्यास आज्ञा स्वीकारणारे कवच (शेल) स्वतःच तारकेचा विस्तार करू शकते; मग बॅकअपच्या आज्ञावलीपर्यंत नमुना न पोहोचता त्या वेळी समोर असलेल्या फाइलींची नावेच पोहोचतात. आज्ञा एका डिरेक्टरीतून दिली असता योग्य चालते व दुसरीतून दिली असता चुकते, याचे हे एक कारण आहे.

डिरेक्टरीत न उतरण्याचा परिणाम : वृक्षावरून चालणारी आज्ञावली एखादी डिरेक्टरी वगळली गेली, की तीत उतरतच नाही. यामुळे वेग वाढतो. परंतु आतील एखादी फाइल ‘घ्यावी’ असा नियम असला, तरी त्याचा विचार होण्याची वेळच येत नाही. आरसिंकमध्ये नियम वरून खाली तपासले जातात व पहिला जुळणारा नियम अंतिम ठरतो. ‘हिशेब/२०२४/ताळेबंद’ ही एकच फाइल घ्यावी व बाकी सर्व (*) वगळावे, असे दोनच नियम दिल्यास काहीही घेतले जात नाही. कारण ‘हिशेब’ ही डिरेक्टरी दुसऱ्या नियमाने आधीच वगळली जाते. त्यासाठी ‘हिशेब/’ व ‘हिशेब/२०२४/’ यांच्या समावेशाचे नियमही आधी द्यावे लागतात.

डिरेक्टरी वगळणे आणि तिच्यातील मजकूर वगळणे यांतही भेद आहे. ‘/प्रॉक’ असा नियम केल्यास परत आणलेल्या प्रणालीत ती डिरेक्टरीच नसते आणि तेथे गाभ्याची आभासी फाइल प्रणाली जोडण्यास जागा उरत नाही. ‘/प्रॉक/*’ असा नियम केल्यास रिकामी डिरेक्टरी तिच्या परवान्यांसह टिकते. संपूर्ण यंत्र पुन्हा उभे करावयाचे असल्यास दुसरी रीत आवश्यक ठरते. जीएनयू टारमध्ये कॅशच्या चिठ्ठीबाबतही असे तीन पर्याय आहेत : डिरेक्टरी व चिठ्ठी ठेवून बाकीचे वगळणे, केवळ डिरेक्टरी ठेवणे आणि सर्वच वगळणे.

देवनागरी नावे : फाइलींची नावे देवनागरीत असल्यास आणखी एक अडचण संभवते. मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने (०९३१) किंवा ‘र’ व नुक्ता या दोन संकेतांकांनी (०९३०, ०९३सी) लिहिता येते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (२००डी) यांनीही साधता येते. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात. बाइटांचा क्रम मात्र वेगळा असतो. मॅक संगणकांवरील एचएफएस प्लस (१९९८) ही फाइल प्रणाली ‘ऱ’ची फोड करून नाव साठवीत असे, तर लिनक्सवरील बहुतेक फाइल प्रणाली दिलेले बाइट जसेच्या तसे ठेवतात. त्यामुळे ‘दुसऱ्या प्रती’ ही डिरेक्टरी वगळण्याचा नियम दिसावयास अचूक असूनही जुळत नाही, असे घडू शकते. वगळणीच्या नियमात ही चूक झाली, तर अनावश्यक फाइली घेतल्या जातात, एवढेच. समावेशाच्या नियमात झाली, तर हव्या असलेल्या फाइली मागे राहतात. 

जुन्या प्रतींवरील परिणाम : नियम बदलल्यावर आधीच्या प्रतींचे काय होते, हे साधनागणिक ठरते. आरसिंकने स्रोतातून गेलेल्या फाइली प्रतीतूनही काढण्याची सूचना असली, तरी वगळलेल्या फाइलींना ते हात लावीत नाही. त्याही काढावयाच्या असल्यास ‘डिलीट-एक्सक्लूडेड’ असे वेगळे सांगावे लागते. हा पर्याय देताच वगळणीच्या नियमाचे काढून टाकण्याच्या नियमात रूपांतर होते. डम्पमध्ये ‘नोडम्प’ ही खूण सामान्यतः पातळी १ पासून पुढच्या, म्हणजे केवळ बदल टिपणाऱ्या प्रतींत मानली जाते. पातळी ० च्या संपूर्ण प्रतीत खूण असलेल्या फाइलीही घेतल्या जातात. खूण लावलेली गोपनीय फाइल बॅकअपमध्ये नाहीच, असे गृहीत धरणे त्यामुळे चुकीचे ठरते. 

बोर्ग, रेस्टिक यांसारख्या साधनांत प्रत्येक दिवसाची प्रत स्वतंत्र असते. नवा नियम पुढील प्रतींना लागू होतो. जुन्या प्रती तशाच राहतात. चुकून आत गेलेली गोपनीय फाइल जुन्या प्रतींतून काढण्यासाठी बोर्गमध्ये ‘रीक्रिएट’ व रेस्टिकमध्ये ‘रीराइट’ अशा वेगळ्या आज्ञा आहेत. याच्या उलट बाजूस चुकीच्या वगळणीचे खरे गांभीर्य आहे. समजा, दर आठवड्यास एक याप्रमाणे अलीकडच्या २६ प्रती ठेवल्या जातात व आज एका चुकीच्या नियमाने एक आवश्यक डिरेक्टरी वगळली गेली. पुढील सहा महिने ती जुन्या प्रतींत सापडत राहील. दर आठवड्यास तिची एक प्रत कमी होईल आणि २६ व्या आठवड्यात शेवटची प्रतही पुसली जाईल. या काळातील प्रत्येक बॅकअप यशस्वी म्हणून नोंदला गेलेला असेल.

दक्षता : वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निघतात. सर्व घ्यावे व नेमके तेवढेच वगळावे, ही रीत निवडक तेवढेच घेण्याच्या रीतीहून सुरक्षित असते. कारण उद्या निर्माण होणारी नवी डिरेक्टरी पहिल्या रीतीत आपोआप आत येते, दुसरीत बाहेर राहते. नमुना शक्य तेथे मुळाशी बांधावा व प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण लिहून ठेवावे. वगळलेली गोष्ट परत कशी मिळेल, याचे उत्तर ज्या नियमाबाबत देता येत नाही तो नियम काढून टाकावा. आरसिंक, बोर्ग व रेस्टिक यांत प्रत्यक्ष प्रत न घेता काय घेतले जाईल, हे दाखविण्याची तालमीची सोय (ड्राय रन) आहे. नियम बदलल्यावर तिचा उपयोग करून आधीच्या व नंतरच्या याद्या ताडून पहाव्यात. टाइम मशीनमध्ये एखादा मार्ग वगळला आहे किंवा नाही, हे ‘टीएमयूटिल’ या आज्ञेने विचारता येते. प्रतीचा आकार एकाएकी घटल्यास ती बचत न मानता चौकशीचे कारण मानावे. 

तथापि तालीम केवळ नियमांचा अर्थ दाखविते. घेतलेली प्रत पुरेशी आहे किंवा नाही, हे सांगत नाही. त्यासाठी ठरावीक काळाने दुसऱ्या, रिकाम्या यंत्रावर प्रत परत आणून तिच्या आधारे नेहमीचे काम चालविता येते का, हे पहावे लागते. तसे करताना वगळणीचे नियम आज्ञेत राहिलेले नाहीत ना, याचीही खात्री करावी. कारण टारसारख्या साधनात हे नियम फाइली परत काढतानाही लागू होतात. वगळलेल्या फाइलीची उणीव बॅकअपच्या नोंदवहीत उमटत नाही. ती परत आणलेल्या यंत्रावर काम अडते तेव्हाच दिसते. हे अडणे मूळ यंत्र शाबूत असताना अनुभवणे, हाच या परीक्षेचा हेतू होय.